एकाच ताग्यातले लंगोट

१२ जानेवारी
मुलांचा वॉर्ड

प्रिय वन्सं,

कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझ्याच वहीतून उतरवून काढणाऱ्या मुलीला एक दिवस ‘वन्सं’ म्हणावं लागेल हे कुणी आधी सांगितलं असतं, तर तुझ्या भावाचं स्थळ मी तिथल्या तिथं नाकारलं असतं. आता उशीर झाला.

मी फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. अगं, इथं पोरं एका सुरात रडतात, आणि घरी फोन घेतला की आई कान टवकारून शेजारी येऊन बसतात. तेव्हा आपली जुनी सवयच बरी. पत्रात मधे कुणी बोलत नाही.

बोका बरा आहे. खरं तर हेच आधी लिहायला हवं होतं. न्यूमोनिया उतरणीला लागलाय, नाकातली नळी काल काढली. नऊ महिन्यांचं पोर, पण नळी काढताना नर्सच्या बोटाला असं चावलं की ती म्हणाली, ‘याला काय झालंय? ठणठणीत आहे हा!’ दूध पिताना पुन्हा गुरगुरायला लागलाय. तू ठेवलेलं नाव किती चपखल आहे ते आता सगळ्या वॉर्डाला पटलंय. दूध आई घरून बाटलीत भरून देतात, तुझा दादा घेऊन येतो. अजून थोडी इंजेक्शनं राहिलीत, मग घरी.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी आहे, वर्षाची असेल-नसेल. जुलाब आणि उलट्यांनी पार मलूल झालेली. तिची आई याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर, ऑपरेशन झालेली. बाप रंगारी. नखांत पांढरा रंग अडकलेला, आणि दिवसभर जिन्यावरून वर-खाली, वर-खाली. त्याला लंगोट बांधता येत नाही. काल त्यानं मोठ्या कष्टानं बांधला आणि पोरीनं पाय हलवताच तो गुडघ्याशी आला. मला हसू आवरेना. म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही भिंती रंगवा, हे माझ्याकडं द्या.’

तिच्याकडं लंगोट होते दोनच. मग तुझ्या दादाला आमच्या शिवणाच्या वर्कशॉपात पिटाळलं. बोक्याचे लंगोट मी ज्या ताग्यातून बेतले होते, त्याचा उरलेला तुकडा तिथं पडून होता. निळ्या काठाचा, मऊसूत. खाटेवर बसल्या बसल्या हातशिलाईनं शिवून टाकले. आता दोघांचे अगदी सारखे. रंगारी धुऊन आणतो आणि दोन्ही खाटांच्या गजांवर वाळत घालतो. कुठला कुणाचा, ते शिवणारीलासुद्धा सांगता यायचं नाही! त्या मुलीला मी पिटुकली म्हणते. बापानं चमचा पुढं केला की तोंड फिरवते, माझ्या हातून मात्र साखर-मिठाचं पाणी गटागटा पिते. मेलीचा लळा लागलाय मला.

आणि एक गंमत. नर्सनं तिची शी डबीत घेतली आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. कुठं पाठवता म्हणून विचारलं, तर तुझ्याच प्रयोगशाळेचं नाव! मी लगेच वॉर्डभर सांगितलं, की माझी नणंद पोरांच्या शीत डॉक्टर झालीय. रंगारी इतका हसला की डोळे पुसायला लागला.

तुझी,
वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनीबाई,

भर वॉर्डात माझी अब्रू काढल्याबद्दल मनापासून आभार. इतकी वर्षं ‘काय काम करते?’ या प्रश्नावर मी ‘सूक्ष्मजीव’ एवढंच सांगून वेळ मारून नेत होते. तुझ्यामुळं तेही गेलं.

तुझ्या पिटुकलीची डबी माझ्याच टेबलावर येणार. डबीवर नाव नसतं. नंबर, हॉस्पिटल, वॉर्ड, खाट, वय, तारीख, बस. आधी एका प्लेटीतल्या बारक्या खळग्यात थेंबभर नमुना घालायचा. खळगा पिवळा झाला की रोटा. हा जुलाबांचा विषाणू दिसतो चाकासारखा, आणि लॅटिनमधे चाकाला रोटा म्हणतात, म्हणून हे नाव. मग त्याची जात शोधायची. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात, त्यांवरून आम्ही त्याला नंबर देतो. कुठल्या मोसमात कुठली जात फिरतेय ते कळलं, तर थेंबांची लस तिच्यापुढं टिकतेय का ते पाहता येतं. यंदा तुमच्या शहरातून आलेल्या डब्यांत जवळजवळ सगळीकडं एकच जात आहे, जी-वन. इतका कंटाळा आलाय तिचा!

या कामातली एकच गोष्ट मला आवडत नाही. पुढं काय झालं ते कधी कळत नाही. पोर घरी गेलं का, पुन्हा जेवायला लागलं का, कुणी कळवत नाही. आमच्यासाठी ते पोर म्हणजे एक पिवळा खळगा, तिथंच संपतं.

हात साबणानं धूत जा हं. नुसत्या पाण्यानं नाही. हा रोटा फार चिवट, कापडावर, खाटेच्या गजावर दिवसच्या दिवस तग धरतो. आणि शिंपीणबाई, ते लंगोट वेगळे ठेवा. पिटुकलीच्या लंगोटांवर रंगीत दोऱ्याचा एकेक टाका मारून टाक, तुला काय वेळ लागतो? अर्थात हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही घरी गेलेले असाल. बोक्याच्या दोन्ही गालांचे पापे घे, उजव्या गालाचे जास्त.

तुझी,
शीवाली वन्सं


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मी पोचले. काल कामावर गेले. डब्यांची पेटी आली होती, उघडली आणि पुन्हा झाकण लावून बाहेर जाऊन उभी राहिले.

मला काही लिहिता येत नाही. बोका नाही, हे वाक्य मी मनात म्हणून पाहते आणि ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटतं. तुला उत्तर द्यावंसं वाटलं तर दे. नाही वाटलं तर देऊ नकोस. मी लिहीत राहीन.

तुझी


२ मार्च

वन्सं,

तू आलीस, राहिलीस, माझ्या पायाशी बसलीस, आणि मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. राग नव्हता गं. तोंड उघडलं तर कसला आवाज निघेल याची भीती वाटत होती.

तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. उद्या घरी सोडणार म्हणाले होते आणि त्याच दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मी पाजत होते ते सगळं बाहेर येत होतं. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. सलाइनला शीर सापडेना, डोक्यात शोधली, पायात शोधली. डॉक्टर खूप झटले, त्यांना बोल लावणार नाही. पण छातीच्या दुखण्यानं पोर आधीच थकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवरच गेला. रडायलासुद्धा डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं त्याच्या.

आता घरातलं. आई म्हणतात, बाटलीनं घात केला. मला म्हणतात, तू कामावर गेलीस, तुझं दूध आटलं, म्हणून घरात बाटली आली. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी उठून आत गेले. आता ऐकून घेते. तुझा दादा मान खाली घालून जेवतो आणि कामाला निघून जातो. त्याला विचारलं, तुलाही तसंच वाटतं का? म्हणाला, ‘मला काही वाटत नाही.’ आणि अंगणातल्या नळाशी जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिला.

आणि आई रोज सकाळी ती रिकामी बाटली पातेल्यात घालून उकळत ठेवतात. पाणी आटत आलं की काढतात, पुसतात, फडताळात ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो बाटलीचा टकटक आवाज ऐकत मी आत पडून असते.

बोक्याचीही शी नर्सनं डबीत घेतली होती. म्हणजे तो तुझ्याकडं आलाय. त्याची डबी शोध आणि मला सांग, बाटलीतून आलं का हे? मला कागद नको. तू सांगशील ते मी खरं मानेन.

वहिनी


१७ मार्च

प्रिय वहिनी,

डबी सापडली. मी स्वतः तपासली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रोटाच होता. तू विचारशील, की थेंब तर वेळेवर दिले होते, मग कसं? थेंबांमुळं बरीच मुलं वाचतात, पण सगळीच नाही. आणि तू लिहिलंस तसं, तो आधीच दमलेला होता.

आता बाटलीचं. हे बघ, विषाणू कुठून आला हे सांगणं फार अवघड असतं. तो पाण्यातून येतो, हातांवरून येतो, खेळण्यांवरून येतो. तपासणीत जात कळते, वाट कळत नाही. बाटलीतून आला असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि नाही आला असंही शास्त्राच्या दृष्टीनं अगदी ठामपणे म्हणता येत नाही. जगात कुठल्याही चांगल्या घरातल्या, स्वच्छ घरातल्या मुलांना हा होतो. त्यामुळं यात कुणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. तू या विचारांत स्वतःला जाळू नकोस. थोडं चालायला जात जा, वर्कशॉपात जायला लाग.

आईला सांग, बाटली उकळणं पुरे. मी सांगितलंय म्हणून सांग.

तुझी,
वन्सं


२६ मार्च

वन्सं,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या पत्रात ‘शास्त्राच्या दृष्टीनं’ हे शब्द मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिले. तू माझ्यापासून काहीतरी लपवतेयस. परीक्षेत कॉपी करताना तुझे कान लाल व्हायचे, तसं हे पत्र आहे.

आता माझं ऐक. गुरुवारी आईंना पातेल्यापाशी चक्कर आली. जेवण जवळजवळ सुटलंय त्यांचं. मी त्यांना धरून बसवलं, तर माझा हात घट्ट पकडून म्हणाल्या, ‘त्या दिवशी गॅस संपला होता गं. मी बाटली नुसती कोमट पाण्यानं विसळली आणि दूध भरून पाठवलं. मी पाठवलं.’ एवढंच पुन्हा पुन्हा. मला बोलत होत्या ना, ते मला नव्हतंच. त्या स्वतःलाच बोलत होत्या आणि मी मधे उभी होते. इतके दिवस मी त्यांच्यावर धुमसत होते. त्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो.

तेव्हा मी हे माझ्यासाठी विचारत नाहीये. मला माझं माहीत आहे. तुझं जानेवारीतलं पत्र मी बोका गेल्यावर उघडलं. ‘रंगीत दोऱ्याचा एकेक टाका.’ वन्सं, माझ्या पिशवीत लाल दोऱ्याचं रीळ होतं. त्याच दोऱ्यानं मी बोक्याच्या झबल्याचं बटण लावलं होतं, त्याच खाटेवर बसून. गणवेशांवर आम्ही रोज खुणेचे टाके घालतो, कुणाची बाही कुणाला जाऊ नये म्हणून. आणि इथं मला सुचलं नाही. उलट दोघांचे सारखे दिसतात म्हणून मी खूश होते.

वॉर्डातला नळ पार टोकाला होता आणि तिथला साबण संपलेला होता. पिटुकलीला पुसून मी किती वेळा तशीच बोक्याकडं वळले असेन, ते आठवायचा प्रयत्न करते आणि मधेच थांबते.

तर सरळ सांग. पिटुकलीचीही डबी तुझ्याकडं आहे. दोघांचं एकच आहे का? असेल तर बाटली सुटली. आईंना घास गिळता येईल. मला वाचवायला म्हणून तू त्यांना मारू नकोस.

वहिनी


४ एप्रिल

प्रिय वहिनी,

एकच आहे.

त्या महिन्यात तुमच्या शहरातून आलेल्या बाकी सगळ्या डब्यांत जी-वन होता. घरोघरी तोच फिरत होता, घरच्या बाटलीतून आला असता तर तोच आला असता. फक्त दोन डब्यांत वेगळी जात निघाली, यंदा एरवी कुठंच न दिसलेली. एक पिटुकलीची, एक बोक्याची. मी पुढं जाऊन दोन्ही विषाणूंचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर जुळवून पाहिला, पुन्हा पाहिला. मला फरक हवा होता. सापडला नाही. शिवाय रोटा अंगात शिरला की एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत दिसतो, आणि बोका तेव्हा बरेच दिवस वॉर्डात होता. आईनं बाटली कोमट पाण्यानं विसळली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे मी ठामपणे सांगते. आईला हे माझ्या शब्दांत वाचून दाखव.

आता तुझ्यासाठी. विषाणू त्या खाटेकडून या खाटेकडं आला, इथवर मला दिसतं. तो लंगोटावरून आला, की तुझ्या हातावरून, की नर्सच्या, की डॉक्टरांच्या नळीवरून, की रंगाऱ्यानं बोक्याच्या गालाला बोट लावलं असेल त्यावरून, हे मला दिसत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच दिसत नाही.

मी लपवलं. निकाल पाहिला आणि तुझं जानेवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘कुठला कुणाचा ते शिवणारीलासुद्धा सांगता यायचं नाही.’ त्यानंतर मला तुला खरं लिहवेना. वाटलं, बाटलीवर संशय राहिला तर राहू दे, बाटलीला कुठं जीव आहे! त्या बाटलीमागं माझी आई उभी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इतक्या लांबून मी तुमच्या घराचा नुसता अंदाज बांधत बसले.

मला तुझ्याकडं यायचंय. ये म्हणशील तेव्हा येते.

तुझी


८ जून

प्रिय वन्सं,

पत्राला फार वेळ लावला, रागावू नकोस.

तुझ्या पत्राचा पहिला भाग आईंना वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाल्या. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठल्या, फडताळातून बाटली काढली, कागदात गुंडाळली आणि कपाटात खाली ठेवून दिली. मग कुठून आलं, हे त्यांनी विचारलं नाही. पण त्या दुपारी माझ्या ताटात स्वतः वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मला वाटतं त्यांना कळलंय. आता त्या मला काही बोलत नाहीत, आणि खरं सांगू, बोलत होत्या तेच बरं होतं. भांडायला कुणीतरी होतं.

दुसरा भाग तुझ्या दादाला दाखवला. त्यानं वाचला आणि म्हणाला, ‘तो कापडाचा तुकडा वर्कशॉपातून मीच आणला होता.’ तेव्हा मला कळलं, तो इतके दिवस काय गिळत होता. म्हणजे या घरात तिघांनी मिळून एका पोराला आपापल्या हातांनी मारलं होतं, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल रंगारी आला. वर्कशॉपात पत्ता विचारत विचारत घरापर्यंत आला. बोक्याचं त्याला ठाऊक नव्हतं. बोक्याला उलट्या लागल्या त्याच सकाळी पिटुकलीला घरी सोडलं होतं ना. दारात उभा राहून हसत म्हणाला, ‘ताई, तुमचा बोका कुठाय? त्याची मैत्रीण भेटायला आलीय.’ आई चटकन पुढं झाल्या, त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो खाली बसला तो बसलाच. त्याच्या हातात एक गाठोडं होतं, धुऊन घड्या घातलेल्या लंगोटांचं. निघण्याच्या घाईत गजांवरचे सगळेच त्यानं गोळा करून नेले होते. बोक्याचेही. ते परत द्यायला आला होता.

मी घड्या उलगडून पाहिल्या. निळा काठ, माझीच शिलाई. बोक्याचे कुठले ते शोधत होते. एखादा डाग, एखादा उसवलेला दोरा, काहीतरी. नाही ओळखता आले गं. मग सगळेच ठेवून घेतले.

ती पोरगी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एक क्षण, वन्सं, तुझ्यापासून कशाला लपवू, एक क्षण मला वाटलं, ही का उभी आहे? असं वाटलं मला. ज्या पोरीला मी चमच्यानं पाणी पाजलं तिच्याबद्दल. मग तिनं चौकट सोडली आणि डुलत डुलत माझ्याकडं यायला लागली, दोन्ही हात वर करून. तिला मी आठवत असेन असं नाही, एवढंसं पोर. पण आली.

मी तिला म्हटलं, थांब हं. मोरीत गेले, हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत. बराच वेळ धुतले. बाहेर आले तर ती तिथंच, हात वर करून. मग घेतलं तिला. चांगली जड झालीय. मानेत तोंड खुपसून बसली आणि मी रडतेय म्हणून माझं नाक ओढत राहिली.

तू म्हणाली होतीस ना, की पुढं काय झालं ते तुला कधीच कळत नाही. त्या दोन डब्यांतल्या एकीचं कळवते. ती चालते.

तू ये. कधीही ये.

तुझी,
वहिनी